अस्वलांना दाराबाहेर का उभं करता?

मुलगा हात धूत होता आणि गुणगुणत होता. सुवॉनमधल्या आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयातली शनिवारची सकाळ. गाणं तीन अस्वलांचं. बाबा अस्वल, आई अस्वल, बाळ अस्वल, आणि तिघांची अंगकाठी. कोरियात वाढलेल्या पोराला हे गाणं येत नाही असं होत नाही. (२००४ची 'फुल हाउस' ही कोरियन मालिका पाहिली असेल तर तुम्हालाही ते ओळखीचं असेल.) मी दारात दिसले आणि तो थांबला. नळ तसाच वाहत होता. माझ्याकडे बघून तो इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, टीचर."

साडेपाच वर्षांचा मुलगा स्वतःच्या भाषेतलं गाणं म्हटलं म्हणून माफी मागत होता. मी चिडले. त्याच्यावर नाही, हे सांगायला नकोच.

तो ज्या इंग्रजी बालवाडीत जातो तिथे दारातून आत आलं की कोरियन बंद. बोललं की स्टिकर काढून घेतात, आठवड्याला स्टिकर कमी पडले की बक्षीस नाही. तिथे त्याला इंग्रजी नावही दिलंय, एका हॉलिवूडच्या नटाचं. वाचनालयात पहिल्या दिवशी मी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी 'टीचर' असल्यामुळे इथेही तोच नियम असणार, असं त्याने गृहीत धरलं होतं.

तर हा लेख त्या नियमाच्या विरुद्ध आहे. माझं म्हणणं सरळ आहे. कोरियन मुलांना इंग्रजी शिकवायचंच असेल, आणि ते आता कोणाच्या बापाला थांबवता येणार नाही, तर त्यांच्या स्वतःच्या गाण्यांपासून सुरू करा. त्यांना कोरियनमध्ये 'दोंग्यो' म्हणतात, म्हणजे आपली बालगीतं. चाल त्यांची घ्या, त्यावर इंग्रजी शब्द बसवा, आणि मूळ गाणं दाराबाहेर ठेवू नका.

मी कोण हे सांगणारी? कोणी नाही. नवरा इथे इंजिनिअर आहे, मी त्याच्याबरोबर फॅमिली व्हिसावर आले. या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. सोसायटीतल्या आयांनी विचारलं, शनिवारी मुलांना इंग्रजी गोष्टी सांगाल का? फुकट सांगायच्या होत्या, म्हणून हो म्हटलं. इथे परदेशी माणसाला इंग्रजी शिकवण्याचा जो व्हिसा मिळतो तो मुख्यत्वे सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्या यादीत मी बसत नाही. एका आईने पहिल्याच दिवशी फार आदबीने विचारलं होतं, "तुमचे उच्चार भारतीय असतील ना?" हो, सातारचे आहेत. पुढे?

ज्यांना 'इंग्रजी बालवाडी' म्हणतात त्या कायद्याने बालवाड्या नाहीतच. त्या 'हागवॉन' आहेत, म्हणजे खासगी क्लास. 'यूचिवॉन' म्हणजे बालवाडी, आणि हा शब्द पाटीवर लावायला त्यांना बंदी आहे. पण लोक बोलताना तेच म्हणतात. २०२५च्या मार्चमध्ये इथल्या शिक्षण मंत्रालयाने शाळेत न गेलेल्या मुलांच्या शिकवण्यांच्या खर्चाची पहिली पाहणी जाहीर केली. लहान मुलांच्या अशा इंग्रजी क्लासचा सरासरी खर्च महिना १५ लाख वॉनच्या वर निघाला. आपल्या पैशांत नव्वद हजारांच्या आसपास. महिन्याला. एका पोराचे.

आणि चांगल्या क्लासला प्रवेश परीक्षा असते. 'गोशी' हा शब्द इथे सरकारी नोकऱ्यांच्या अवघड परीक्षांसाठी वापरतात, जशी आपली एमपीएससी. तर आता 'सात वर्षांची गोशी' असा शब्दच रूढ झालाय. कोरियन पद्धतीने सात, म्हणजे आपल्या हिशोबाने पाच-सहा. तिच्याखाली 'चार वर्षांची गोशी' पण आहे. तिला बसणारी काही मुलं अजून डायपर घालत असतात, असं इथले लोक चेष्टेत म्हणतात. मला ती चेष्टा वाटत नाही. २०२५मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या परीक्षा मुलांच्या हक्कांच्या आड येतात असं म्हटलं. सरकारी शाळेत इंग्रजी १९९७पासून तिसरीत सुरू होतं. पहिली-दुसरीला शाळा सुटल्यावर इंग्रजी शिकवायला २०१८मध्ये बंदी आली, २०१९मध्ये ती उठली. दरम्यान हागवॉनवाल्यांचं काय बिघडलं? काही नाही. दुकान त्यांचं दोन्ही वेळा चाललं.

पण पैसा आणि परीक्षा यावर इथे रोज कोणीतरी लिहितंच. मला त्या नळापाशी जे दिसलं त्यावर बोलायचंय.

पाच वर्षांचं पोर स्वतःच्या भाषेत वकील असतं. भांडतं, खोटं बोलतं, गोष्ट फिरवून सांगतं, 'पण तू काल म्हणाली होतीस' असं म्हणून आईला गप्प करतं. त्याला अशा खोलीत नेऊन बसवलं जिथे त्याला फक्त 'आय लाइक ॲपल्स' एवढंच म्हणता येतं, की ते एका झटक्यात दोन वर्षांचं होतं. सहा तास. मग बाहेर येऊन पुन्हा पाचचं. हे आपल्याला का कळू नये? आमच्या शाळेत पाचवीपासून मराठी बोललं की मॉनिटरच्या वहीत नाव आणि एक रुपया दंड होता. त्या वर्षी माझं इंग्रजी किती सुधारलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी वर्षभर वर्गात एकही विनोद केला नाही. चौथीपर्यंत मी वर्गातली विनोदी मुलगी होते.

आता मी काय करते ते सांगते, कारण 'मातृभाषेतून शिकवा' असं मोघम म्हणून कोणाचंच भलं होत नाही.

समजा फुलपाखराचं गाणं घेतलं, 'नाबिया'. आधी ते कोरियनमध्ये दोनदा म्हणायचं, मुलं मला शिकवतात. माझे कोरियन उच्चार वाईट आहेत आणि मुलं ते सुधारण्यात जो आनंद घेतात तो बघण्यासारखा असतो. मग नुसती चाल गुणगुणायची. मग त्या चालीवर टेबलावर जे आहे त्याचे शब्द घालायचे. सुरुवातीला तीन सूर आहेत, तिसरा जरा लांब. आम्ही तिथे घातलं: कोल्ड, मिल्क, प्लीज. तीन शब्द, तीन सूर.

इथे खरी मजा आहे. कोरियन भाषेत जोडाक्षरासारखे दोन व्यंजनांचे गठ्ठे अक्षराच्या सुरुवातीला चालत नाहीत, आणि बरीचशी व्यंजनं शेवटीही टिकत नाहीत. मध्ये एक स्वर घालावाच लागतो, आपल्या 'उ'च्या जवळचा पण ओठ न गोल करता काढलेला. म्हणून 'मिल्क'ची 'मिल-कु' अशी दोन अक्षरं होतात. 'कोल्ड'ची दोन. 'प्लीज'ची तीन. एकूण सात. आणि सूर तीन. मुलं पहिल्यांदा म्हणतात तेव्हा अर्धी मुलं गाण्याच्या मागे राहतात, एक-दोघं रेल्वेसारखी धडधडत सातही अक्षरं तिथे कोंबतात आणि सगळे हसतात. मग कोणीतरी, मी न सांगता, 'कु' गिळून टाकतं. चाल पाठ असल्यामुळे त्याला कळतं की इथे जागाच नाही. मी फळ्यावर 'मिल्क' शंभर वेळा लिहिलं असतं तरी हे झालं नसतं. परकं गाणं असतं तर सूर किती हेच त्याला माहीत नसतं, त्याने चालच ओढून सात सुरांची केली असती.

म्हणजे 'कोरियन चालीने कोरियन उच्चार पक्के होतील' हा जो आक्षेप हागवॉनवाले घेतात, तो उलटा आहे. ओळखीची चाल ही मोजपट्टी आहे.

आक्षेपात काहीच दम नाही असं मात्र नाही. कोरियनमध्ये प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो, इंग्रजीत जोर एका अक्षरावर पडतो आणि बाकीची दबतात. 'बनाना'मध्ये जोर मधल्या 'ना'वर आहे. फुलपाखराच्या चालीत जोर पहिल्याच सुरावर येतो. तिथे केळं बसवलं की 'बऽनाना' होतं आणि पोर तेच घरी घेऊन जातं. म्हणून त्या चालीत केळं नको. दूध चालेल, ब्रेड चालेल. शिक्षकाने एवढी निवड करायला हवी, आणि ती करायची तर त्याला दोन्ही भाषा कानाने माहीत हव्यात. सात देशांच्या पासपोर्टवर ती येतेच असं नाही.

एक गोष्ट मी करत नाही. गाण्याचं भाषांतर. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, अगदी मराठीसारखं: आई, भात, खाते, याच क्रमाने. इंग्रजी क्रियापद मध्ये घुसतं, त्यामुळे शब्दाला शब्द लावून केलेलं भाषांतर चालीत लंगडतं. बाजारात अशी इंग्रजी दोंग्यो भरपूर मिळतात, रंगीत पुस्तकं, क्यूआर कोडसकट. ऐकून बघा. मूळ गाण्यातलं नादाचं सगळं गेलेलं असतं. कोरियन भाषा या नादशब्दांनी ठासून भरलेली आहे: ससा 'कांगछुंग-कांगछुंग' उड्या मारतो, तारा 'बानचाक-बानचाक' करतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आपला ससा टुणटुण जातो आणि तारा लुकलुकतो. इंग्रजीत त्याचं 'हॉप' होतं. एकच. बिचारा ससा. मी 'हॉप' शिकवते, पण वेगळ्या ओळीत, आणि कांगछुंगला हात लावत नाही.

दुसरा आक्षेप तरुण आयांचा असतो. एवढी खटपट कशाला, यूट्यूबवर इंग्रजी गाणी ढिगाने आहेत, लावून द्या. आता गंमत बघा. जगातला सगळ्यात जास्त पाहिला गेलेला यूट्यूब व्हिडिओ आहे 'बेबी शार्क'. २०१६ साली तो टाकला सोलमधल्या पिंकफाँग या कंपनीने. २०२०मध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, २०२२च्या जानेवारीत १००० कोटींच्या पुढे. मूळचं अमेरिकन मुलांच्या कॅम्पात म्हणायचं गाणं, ते कोरियन कंपनीने नवं करून कोरियनमध्ये आणि इंग्रजीत आणलं, आणि आज तुमची पुण्यातली भाची त्याशिवाय वरणभाताचा घास गिळत नाही. म्हणजे कोरियन लोक अख्ख्या जगाच्या पोरांना इंग्रजी गाणं विकू शकतात, फक्त स्वतःच्या पोराला अस्वलाचं गाणं म्हणू देऊ शकत नाहीत. मोबाइल लावून देण्याला माझा विरोध त्यातल्या शार्कमुळे नाहीये. स्क्रीन मुलाकडून काही शिकत नाही. माझ्या वर्गात पहिली दहा मिनिटं पोरं शिक्षक असतात, मी ढ विद्यार्थी. त्यानंतर ती माझ्या भाषेत चुकायला घाबरत नाहीत, कारण मी त्यांच्या भाषेत आत्ताच धडधडीत चुकलेली असते.

आणि 'आपलं' आणि 'परकं' याबद्दल फार कडक होण्यात अर्थ नाही हे मला ते फुलपाखरूच सांगतं. ही चाल जर्मनीची. तिथे ते छोट्या हान्सचं गाणं आहे. अमेरिकेत तिच्यावर होडी वल्हवण्याचे शब्द बसले. १८८१च्या जपानी शालेय गाण्यांच्या पुस्तकात ती फुलपाखरू झाली आणि तिथून कोरियात आली. शब्द बदलत चाल देशोदेशी फिरणं ही जुनीच रीत आहे. मी तिच्यावर दुधाचा पेला ठेवला तर आभाळ कोसळत नाही.

असं मी फार तोऱ्यात बोलत होते. वाचनालयात पुस्तकं लावायला एक हाल्मोनी येतात, आजी. ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्या तीन शनिवार कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. चौथ्या शनिवारी मुलं गेल्यावर त्यांनी मला बार्ली चहा दिला आणि म्हणाल्या, "सनसेंगनिम, फुलपाखरू घ्या, अस्वल घ्या. सगळी घेऊ नका."

मग त्यांनी त्यांच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. जपानी राजवटीत ती प्राथमिक शाळेत होती. १९३८नंतर शाळांमधून कोरियन भाषा हळूहळू हद्दपारच झाली होती. वर्गात कोरियन शब्द तोंडातून गेला की शिक्षा. ती घरी येऊन धाकट्यांना अंधारात गाणी म्हणून दाखवायची. दोंग्यो. हाल्मोनी तेव्हा जन्मलेल्या नव्हत्या किंवा तान्ह्या असतील, त्यांना हे बहिणीने सांगितलेलं. "त्या गाण्यांच्या डोक्यावर पाय ठेवून आता दुसऱ्याच कुणाच्या भाषेत चढायचं का?" असं त्या म्हणाल्या. आवाज अजिबात न चढवता.

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन वाचलं. बांग जोंग-ह्वान या माणसाने 'ओरिनी' हा मुलांसाठीचा आदराचा शब्द रुळवला आणि १९२३मध्ये त्याच नावाचं मासिक काढलं. यून गुक-योंगचं 'बानदाल', म्हणजे अर्धचंद्र, १९२४चं. कोरियातलं पहिलं रचलेलं बालगीत म्हणून त्याचं नाव घेतात, आणि बहिणीच्या मरणाच्या दुःखातून ते लिहिलं असं सांगतात. शहरात गेलेल्या, परत न आलेल्या मोठ्या भावाची वाट बघणारं एक गाणं त्याच 'ओरिनी'मध्ये १९२५ला छापून आलं. ते लिहिणारी मुलगी अकरा-बारा वर्षांची होती. १९४२मध्ये कोरियन शब्दकोशाचं काम करणाऱ्या विद्वानांना अटक झाली. शब्दकोश केला म्हणून तुरुंग! त्या काळात लहान मुलांची गाणी लिहिणं म्हणजे काय असेल याचा अंदाज येतो.

हाल्मोनींचं म्हणणं मला अर्धं पटलं, आणि अर्धं अजूनही पटत नाही. पटलं ते असं की अर्धचंद्राला आणि त्या भावाच्या गाण्याला मी हात लावत नाही. ती आम्ही म्हणतो, कोरियनमध्ये, अखेरपर्यंत, आणि त्यातून कोणी काही शिकत नाही. दुसरं, वर्ग कुठल्याही गाण्याने सुरू झाला तरी संपतो कोरियन गाण्याने, म्हणजे घरी जाताना तोंडात तेच राहतं. पटत नाही ते असं: गाणी कपाटात जपून ठेवली तर ती फक्त हाल्मोनींची राहतील. त्या मुलाच्या सहा तासांत त्यांना जागाच नाही. त्याची शिकवणी हटवायची ताकद माझ्यात नाही, त्यांच्यातही नाही. मग इंग्रजीच्या तासात अस्वलं उघडपणे आत येऊन बसली तर मुलाला निदान एवढं कळेल की ही लपवायची चीज नाही. एकेकाळी जपानी मास्तरांनी जे केलं ते आता स्टिकर लावून आणि नव्वद हजार घेऊन होतंय. आपल्या हौसेने होतंय, एवढाच फरक. हे मी हाल्मोनींना म्हटलं तर त्या बराच वेळ पुस्तकांच्या पाठी सरळ करत राहिल्या.

आपल्याकडच्या वाचकाने यात फार सुटल्यासारखं वाटून घेऊ नये. महाराष्ट्रात २०००पासून पहिलीला इंग्रजी आहे. नर्सरीच्या मुलाखतीत 'घरी कुठली भाषा बोलता' या प्रश्नाला 'इंग्लिश' असं खोटं उत्तर देणारे आईबाप माझ्याच नात्यात आहेत. त्यांच्या पोरांना एकही बडबडगीत पुरतं येत नाही, याचं त्यांना वाईट वाटतं ते फक्त गणपतीत, कार्यक्रम बसवताना.

"याचा लेव्हल टेस्टमध्ये उपयोग काय?" हा प्रश्न सोसायटीच्या काकाओटॉक ग्रुपवर मागच्या महिन्यात आला. विचारणारी आई चांगली बाई आहे, माझ्या मुलीला ताप होता तेव्हा रात्री लापशी घेऊन आली होती. उपयोग काहीच नाही, असं मी लिहिलं. टेस्टला निबंध लिहायला लावतात म्हणे, पाच वर्षांच्या पोराला. त्यात 'कोल्ड मिल्क प्लीज' कुठे लिहिणार? तिने मग लिहिलं की तासातला अर्धा वेळ कोरियनमध्ये जातो, तो पूर्ण इंग्रजी करता येईल का, सगळ्यांच्या सोयीसाठी. वर नम्रतेची तीन इमोजी. मी नाही म्हटलं. तेवढ्याच नम्रतेने, दोन इमोजी कमी.

दोन मुलं गेली. नऊची सात झाली. नळाजवळच्या मुलाची आई ग्रुपवर काहीच बोलली नाही, त्यामुळे तो राहणार की जाणार हे मला शनिवारपर्यंत माहीत नव्हतं.

आला. जॅकेट काढलं, हात धुवायला गेला. मी मुद्दाम तिकडे गेले नाही. नळाचा आवाज बराच वेळ येत होता, आणि त्यात गाणं होतं की नाही ते काही बाहेर ऐकू आलं नाही.